लेखणीच्या घरातला सेनापती

भुईगावच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी वाळू उकरली की हातभर खोलीवरच पाणी लागतं. मे महिन्याचा मधला आठवडा होता. सकाळी सुरूच्या सावलीत बसून मी एका सात-आठ वर्षांच्या मुलाची खटपट बघत होतो. हातात करवंटी घेऊन तो विहीर खणत होता. वीतभर खणलं की कडा ढासळायची, ती उपसली की तळातून पाणी झिरपायचं, पाणी काढेपर्यंत दुसरी कडा आत यायची. जवळच बसलेली त्याची आजी आधी त्याच्याशी कादोडी बोलीत काहीतरी बोलली, मग मी ऐकतोय हे पाहून मराठीवर आली. म्हणाली, "पाण्याशी भांडून काय होतं? थोडा वर सरकून खण." पोरगा वर सरकला नाही. त्याला तिथेच विहीर हवी होती.

मी ही वाळू बघायलाच आलो होतो. इथून दक्षिणेला काही किलोमीटरवर वसईचा कोट आहे. १७३९ सालच्या फेब्रुवारीपासून मेपर्यंत त्या कोटाच्या उत्तरेला मराठ्यांची माणसं अशाच जमिनीत मोर्चे खणत होती, सुरुंग नेत होती. वरून तोफा, बंदुका आणि पेटत्या गोळ्यांचा मारा, खाली ढासळणारी रेती आणि डोक्यावर चढत जाणारा उन्हाळा. पाऊस सुरू व्हायच्या आत काम उरकलं नाही तर सगळे खंदक पाण्याने भरणार होते. ही माणसं ज्याच्या हुकमाने खणत होती, तो पिढीजात लढवय्या घराण्यातला नव्हता. त्याच्या घरात दौत-लेखणी होती, हिशेबाच्या वह्या होत्या, दरबारातल्या मसलती होत्या. वय तिशीच्या थोडं पुढे, छाती अशक्त, खोकला पाठीला लागलेला. नाव चिमाजी बल्लाळ, लोकांच्या तोंडी चिमाजी अप्पा.

वसई रोड स्टेशनबाहेर महापालिकेच्या बसमध्ये बसलं की पहिला बराच वेळ इमारतीच इमारती दिसतात. मग रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंची झाडं जवळ येतात आणि एका वळणानंतर आपण वेगळ्याच मुलखात शिरलो असं वाटतं. केळीच्या बागा, पानवेलींचे मांडव, मोगऱ्याचे ताटवे, भाजीचे वाफे. दोन वाड्यांच्या मध्ये एखादं बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं पावसाचं पाणी धरून ठेवणारं तळं. त्याच्या जिवावर इथल्या विहिरींचं पाणी गोडं राहतं. पूर्वी विहिरींवर रहाट असत आणि त्यांचा कुरकुराट पहाटेपासून चाले, असं जुनी माणसं सांगतात. आता पंप आहेत. बावखलं मात्र बुजवली जात आहेत, आणि ती बुजली की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून सरकत आत येतं. वसईच्या हिरव्या पट्ट्याची काळजी करणारे लोक हे कळवळून सांगत आले आहेत. वाळूत पाणी लागतं ही साधी गोष्ट इथल्या शेतीला जगवते, आणि तिनेच एकेकाळी वेढा घालणाऱ्या फौजेला छळलं असणार.

भुईगावची वस्ती मिश्र आहे. सामवेदी ख्रिस्ती कुपारी आहेत, वाडवळ आहेत, इतरही आहेत. घरांच्या अंगणात क्रूस आणि तुळशीवृंदावन यांच्यामध्ये कधी कधी एका कुंपणाचंच अंतर असतं. लाल लुगडं नेसलेल्या म्हाताऱ्या आता मोजक्याच उरल्या आहेत. हिवाळ्यात हा किनारा पाहुण्या पक्ष्यांनी भरलेला असतो आणि दुर्बिणी घेऊन माणसं येतात. मे महिन्यात मात्र किनारा मोकळा होता.

तिथून मी शेजारच्या गिरीजला गेलो. गिरीजची टेकडी म्हणजे हिरा डोंगरी. वर दत्ताचं देऊळ आहे. वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी या टेकडीवर वज्रगड बांधला, अशी इथली परंपरा सांगते. किल्ला म्हणावा असं आज फार काही उरलेलं नाही. पण वर गेल्यावर तो इथेच का बांधला असेल हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. उत्तरेला अर्नाळ्याची बाजू, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसई आणि खाडी. मधली सगळी सपाट, हिरवी पट्टी तळहातासारखी पसरलेली. अर्नाळा मराठ्यांनी १७३७ च्या मार्चमध्येच घेतला होता. अर्नाळ्याहून वसईकडे जायचं तर याच पट्टीतून जायचं. टेकडी लहान आहे, पण या मुलखात तेवढी उंचीही पुरते.

देवळाच्या पायरीवर बसून मी चिमाजींचा विचार करत होतो.

चिमाजींचं भट घराणं श्रीवर्धनचं. तिथली देशमुखी त्यांच्याकडे होती. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे घर सोडून देशावर आलेले बाळाजी विश्वनाथ लेखणीवर आणि अकलेवर मोठे झाले. वसुलाचे हिशेब, तडजोडी, रुसलेल्या सरदारांची मनधरणी, कर्जाची उभारणी, हे त्यांचं खरं क्षेत्र. १७१३ मध्ये शाहू छत्रपतींनी त्यांना पेशवेपद दिलं. १७२० च्या एप्रिलमध्ये ते वारले तेव्हा थोरला मुलगा बाजीराव वीस वर्षांचा नव्हता आणि चिमाजी तर त्याच्याहून काही वर्षांनी लहान. एवढ्या कोवळ्या मुलाला पेशवा करणं दरबारातल्या जाणत्या मंडळींना पसंत नव्हतं. शाहूंनी तरीही पेशवाईची वस्त्रं बाजीरावांना दिली आणि धाकट्याला सरदारी. कारकुनाच्या घरातली ही दोन मुलं पुढच्या वीस वर्षांत घोड्यावरून फारशी उतरलीच नाहीत.

थोरल्या भावाची कीर्ती एवढी मोठी की धाकटा तिच्या सावलीत राहिला. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी माळव्यात अमझेऱ्याला मोगल सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा नातलग दया बहादूर यांचा ज्या फौजेने पराभव केला, दोघेही जिथे ठार झाले, त्या फौजेचे नेते चिमाजी होते. माळव्याचं दार त्या दिवशी उघडलं. १७३६ च्या एप्रिलमध्ये रेवसजवळच्या लढाईत सिद्दी सात मारला गेला, तीही चिमाजींचीच कामगिरी. ज्या सिद्दीच्या जाचापायी वडिलांनी गाव सोडलं, त्याच्या मोठ्या सरदाराला मुलाने कोकणातच गाठलं. घरी मात्र काय होतं? १७३० मध्ये मुलगा सदाशिव झाला आणि तो काही दिवसांचा असतानाच त्याची आई रखमाबाई वारली. पोर आजीने, राधाबाईंनी वाढवलं. बाप मोहिमांवर.

अशा माणसाची मला पहिल्यांदा नीट ओळख पटली ती फार लांब, जपानमध्ये.

काही वर्षांपूर्वी ओसाकात असताना मी तेन्नोजीहून सुटणाऱ्या जुन्या ट्रामने जात होतो. एका डब्याची, घरांच्या परसांमधून जाणारी ट्राम. एक थांबा आला, किताबाताके. जवळच आबेनो नावाचं देवस्थान आहे, १८८० च्या दशकात उभारलेलं. तिथे बाप-लेकांची पूजा होते, किताबाताके चिकाफुसा आणि त्याचा मुलगा आकिइए. दोघेही दरबारी उमराव. जपानी भाषेत अशा घराण्यांना कुगे म्हणत. कविता, संगीत, धर्मविधी आणि राजाज्ञांचे मसुदे हे त्यांचं काम. तलवार चालवणारे सामुराई वेगळे.

आकिइएचा जन्म १३१८ चा. चौदाव्या वर्षी तो सम्राटाच्या दरबारातला सल्लागार झाला, एवढ्या लहान वयात तो मान मिळणं अपूर्व होतं. १३३१ च्या वसंतात सम्राट गो-दाइगोच्या समोर त्याने 'र्‍योओ' नावाचं नृत्य केलं आणि स्वतः सम्राटाने बासरी धरली, अशी नोंद आहे. या नृत्यामागची कथा एका देखण्या राजपुत्राची. त्याच्या कोवळ्या चेहऱ्याचा शत्रूला धाक वाटेना, म्हणून लढाईत तो उग्र मुखवटा घालून जाई. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने दरबारात हा मुखवटा घालून नाचावं आणि दोन वर्षांतच त्याच्यावर खरोखर सेना घेऊन जायची वेळ यावी, हे वाचून मी थांबलो होतो.

१३३३ मध्ये सत्ता पुन्हा सम्राटाच्या हाती आली आणि आकिइएला उत्तरेकडच्या मुत्सु प्रांताचा कारभार सांगून, सोबत एक लहानगा राजपुत्र देऊन पाठवण्यात आलं. तिथे त्याने फौज बांधली. १३३५ च्या अखेरीस आशिकागा ताकाउजी या बलाढ्य सेनापतीने सम्राटाविरुद्ध बंड केलं, तेव्हा हा मुलगा उत्तरेतून शेकडो किलोमीटर दौडत आला आणि १३३६ च्या सुरुवातीला त्याने इतरांच्या साथीने ताकाउजीला राजधानीतून पळवून लावलं. ताकाउजी पुन्हा सावरला. आकिइए पुन्हा एकदा उत्तरेतून निघाला, कामाकुरा घेतलं, लढत लढत दक्षिणेला आला आणि १३३८ मध्ये समुद्रकाठच्या इशिझू इथे मारला गेला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. तीच ट्रामची वाट पुढे साकाई शहरातून इशिझूपर्यंत जाते. तिथे नदीकाठी त्याच्या स्मरणाचे दगड आहेत. मी गेलो तेव्हा पाऊस पडत होता आणि दगडापाशी कुणीतरी ताजी फुलं ठेवून गेलं होतं.

पण मला खिळवून ठेवलं ते त्याच्या पत्राने. मरणाच्या सात दिवस आधी त्याने सम्राटाला एक निवेदन लिहिलं. सुरुवातीचा भाग हरवला आहे, तरी बाकी मुद्दे शिल्लक आहेत. युद्धाने गांजलेल्या रयतेला तीन वर्षं कर माफ करा. सगळा कारभार राजधानीतून न हाकता प्रांतांना अधिकार द्या. पदं आणि बक्षिसं लायकी पाहून द्या. मेजवान्या आणि सहलींवरचा खर्च आवरा. कायदे उठल्यासुटल्या बदलू नका. ज्याच्यासाठी तो मरायला निघाला होता, त्याच धन्याला त्याने इतकं स्पष्ट लिहिलं. तलवार हाती घेतल्यावरही हा माणूस आतून राज्यकारभारच बघत होता. लढाईपेक्षा लढाईनंतर शेतात काय उरणार, हे त्याला दिसत होतं.

त्या दिवशी ट्राममध्ये परत येताना मला चिमाजी आठवले.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांचे रुमाल आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवडलेली पत्रं १९३०च्या दशकात पंचेचाळीस खंडांत छापून निघाली. त्यात वसईच्या मोहिमेवर एक खंड आहे. यशवंत नरसिंह केळकरांनी 'वसईची मोहीम' हे पुस्तक लिहिलं. साष्टीची बखर आहे. हे सगळं वाचताना एक गोष्ट मनात ठसते. तोफांच्या आवाजापेक्षा त्या कागदांत शिबंदी, दारूगोळा, शिड्या, होड्या, दाणागोटा आणि पैसा यांचाच घोष जास्त आहे. कोण कुठे थांबला, कुणाला काय कमी पडलं, कोण आजारी, कुणाचं देणं राहिलं. वसई घेतली ती या तपशिलाने, असं माझं ठाम मत आहे. घोडदौडीच्या लढाईत मराठ्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण युरोपीय धाटणीच्या दगडी कोटापुढे घोडा काय करणार? तिथे मोजणारा, थांबणारा, पुन्हा मोजणारा माणूस लागतो. हिशेबाच्या घरात वाढलेला माणूस.

पोर्तुगिजांनी वसई घेतली ती १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाकडून तहाने. गोव्याच्या उत्तरेला त्यांचा जो मुलूख होता, त्याची ही राजधानी. मराठी कागद या मुलखाला फिरंगाण म्हणतात. दोनशे वर्षांत इथे देखणी चर्चं उभी राहिली, व्यापार वाढला, आणि हिंदू रयतेवर धर्मासाठी जुलूमही झाला. अंजूरचे गंगाजी नाईक वर्षानुवर्षं पुण्याच्या वाऱ्या करत होते, ते या रयतेची दाद लागावी म्हणून. १७३७ च्या मार्चमध्ये ठाण्याचा अपुरा बांधलेला किल्ला पडला आणि साष्टी बेट हाती आलं. वसईच्या तटाला शिड्या लावण्याचा त्याच वर्षीचा प्रयत्न मात्र फसला. मराठ्यांना कळलं की हा कोट धावून जाऊन मिळणार नाही. १७३८ च्या डिसेंबरात पोर्तुगिजांनी ठाणं परत घ्यायचा प्रयत्न केला, त्यात त्यांचा सेनानी पेद्रो द मेलो तोफेच्या गोळ्याने ठार झाला. मग चिमाजी स्वतः उतरले.

आधी त्यांनी वसईला हातच लावला नाही. जानेवारी १७३९ मध्ये उत्तरेला केळवे-माहीम घेतलं, मग तारापूर. दक्षिणेला वेसावे, धारावी. एकेक फांदी तोडत खोडाशी यायचं, अशी ही रीत. समुद्राच्या बाजूला मानाजी आंग्रे. तारापूरला तट चढताना बाजी भीवराव रेठरेकर गोळी लागून पडले. चिमाजींचा हा जिवाभावाचा साथी. तारापूर घेतलं त्याच धामधुमीत त्यांनी बाजींच्या आईला सांत्वनाचं पत्र लिहिलं. पुढे केवढं मोठं काम पडलेलं, फौज वाट बघतेय, आणि हा माणूस एका म्हातारीला तिचा मुलगा गेल्याचं स्वतःच्या शब्दांत कळवतोय. इशिझूच्या पत्राशेजारी मी हे पत्र ठेवतो. दोन्ही कागदांत लढणाऱ्याच्या आतला माणूस दिसतो.

दुपारी मी वसईच्या कोटाकडे निघालो. पापडीचं तळं, मग जुनं गाव, मग रस्ता थेट कोटाच्या भूदरवाजातून आत जातो. कोळीवाड्याकडे जाणारी बस किल्ल्याच्या पोटातूनच धावते. बाहेर आवारात चिमाजींचं स्मारक आहे, अश्वारूढ पुतळा आहे. कोटाला दहा बुरूज. त्यांची नावं साधुसंतांची, सेंट सेबस्तियन, रेमेदियुस, सेंट पॉल, मादर द देउस. पश्चिम, दक्षिण आणि पूर्व या बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल. हल्ला करायचा तर उत्तरेकडूनच, आणि तिथेच सगळ्यांत भक्कम बुरूज.

फेब्रुवारीच्या मध्यावर वेढा पडला. उत्तरेला त्याच सुमारास नादिरशहा हिंदुस्थानात घुसला होता. २४ फेब्रुवारीला कर्नालला त्याने मोगलांची धूळधाण केली, मार्चमध्ये दिल्लीत कत्तल झाली. तो दक्षिणेकडे वळला तर काय, या काळजीने बाजीरावांना फौजा हव्या होत्या आणि फौजा इथे वाळूत अडकलेल्या. होळकर आणि शिंदेही वसईला येऊन मिळाले. एकीकडे इराणी बादशहा, दुसरीकडे पावसाळा, समोर न फुटणारा तट. आतल्या लोकांची अवस्थाही बिकट होती. मुंबईच्या इंग्रजांकडून मदत मिळाली ती अगदी तुटपुंजी. चर्चची चांदी गहाण ठेवून पैसे उभे करायची पाळी आली. पोर्तुगिजांचा सेनाप्रमुख मार्तिन्यु द सिल्व्हेरा तटावर लढताना मारला गेला. त्याची जागा कायतान द सोझाने घेतली आणि लढाई चालूच राहिली. शत्रू म्हणून त्यांचं शौर्य कमी लेखायचं कारण नाही. चिमाजींनीही ते लेखलं नाही.

मी सेंट सेबस्तियनच्या बाजूला बराच वेळ उभा होतो. तटाबाहेर झुडपं आणि मऊ माती. १३ मे रोजी सुरुंग उडवले गेले. काही नीट उडाले, काही उशिरा उडून आपल्याच माणसांवर आले. खिंडारात चढलेली माणसं परत ढकलली गेली, पुन्हा चढली. दुसऱ्या दिवशी सेंट सेबस्तियनला मोठं भगदाड पडलं, मराठ्यांनी तिथे पाय रोवले आणि मग त्यांना हलवता आलं नाही. १६ मे रोजी पांढरं निशाण आलं. जुन्या कालगणनेने ही ५ मे. म्हणून पुस्तकांत दोन तारखा आढळतात. मराठ्यांकडचे पाच हजारांवर ठार-जखमी झाले, आतल्यांचे आठशेच्या आसपास. ही संख्या उच्चारणं सोपं आहे. पण त्या अरुंद खिंडारासमोर उभं राहून पाच हजार माणसं डोळ्यांपुढे आणायला गेलं की घसा कोरडा पडतो.

वेढा लांबला तेव्हा, वसई मिळत नसेल तर माझं डोकं तरी तोफेला बांधून किल्ल्यात उडवा, असं अप्पा म्हणाले, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. मला लहानपणी ती अंगावर काटा आणायची. आज मला त्याहून मोठी वाटते ती १६ मेनंतरची गोष्ट. एवढी माणसं गमावलेली फौज. खिंडार ताब्यात आलेलं. मनात आणलं असतं तर आत काय झालं असतं हे सांगायला नको. दोन महिन्यांपूर्वीच दिल्लीत काय झालं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. चिमाजींनी तह केला. शिबंदीने हत्यारांसह, निशाणं फडकवत, वाजतगाजत बाहेर पडावं. ज्यांना जायचं आहे त्यांनी बायकामुलं आणि चीजवस्तू घेऊन जावं, त्यासाठी मुदत मिळेल. जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळता येईल. २३ मे रोजी कोट रिकामा झाला आणि भगवा वर गेला. मग चिमाजींनी आपले गुरू, धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी, यांना मोहिमेची हकिगत लिहून कळवली. पुन्हा लेखणी.

कोटातल्या सेंट जोसेफच्या मनोऱ्यापासून फ्रान्सिस्कन मठाच्या कमानींपर्यंत मी हिंडलो. जमिनीत पोर्तुगीज नावं कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. छपरं नाहीत, भिंतींतून पिंपळ. हे वैभव १७३९ नंतर ओस पडलं, हेही खरंच. घंटा उतरवल्या गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर जी घंटा आहे ती वसईचीच, असं सांगतात. देवीला बोललेला नवस फेडायचा म्हणून वज्रेश्वरीचं देऊळ नव्याने बांधलं गेलं. एका बाजूचा आनंद आणि दुसऱ्या बाजूची पडझड या एकाच दगडांत आहे, आणि इथे फिरणाऱ्याने दोन्हींपुढे मान लववावी, असं मला मनापासून वाटतं.

चिमाजींना पुढे दीड वर्षच मिळालं. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले आणि १७ डिसेंबरला पुण्यात चिमाजी. पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. मागे राहिला दहा वर्षांचा सदाशिव. तोही आधी फडावर बसला, हिशेबात आणि कारभारात तयार झाला आणि मग सेनापती झाला. १४ जानेवारी १७६१ रोजी तो पानिपतावर पडला. जपानमध्ये उलटं घडलं. मुलगा आधी मारला गेला, आणि बाप चिकाफुसा मुलाच्या मृत्यूनंतर एका वेढलेल्या किल्ल्यात बसून आपल्या देशाच्या राजपरंपरेचा ग्रंथ लिहीत राहिला. 'जिन्नो शोतोकी' हे त्याचं नाव. तो आजही वाचला जातो. पानिपतानंतर असं लिहायला चिमाजी नव्हते.

संध्याकाळी मी पुन्हा भुईगावला आलो. वाटेत नंदाखालची पाटी दिसली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जे मागे राहिले, त्यांच्या वंशातला एक धर्मगुरू मराठी साहित्याच्या सर्वोच्च पीठावर बसला. तहाच्या कागदावर सही करणाऱ्याला एवढं पुढचं दिसलं असेल असं मी म्हणत नाही. पण ज्या कलमाने माणसं आपल्या वाड्यांत राहिली, ते कलम त्यानेच मान्य केलं होतं.

सकाळची आजी आता वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडत होती. कळ्या ओल्या फडक्यात बांधून पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात जायच्या होत्या. मी विचारलं, "आजी, तुमचं घराणं इथे किती वर्षांचं?"

"कुणी मोजलंय?" ती म्हणाली. "माझ्या सासऱ्याच्या आज्याने हे बावखल साफ केलं होतं, एवढं ऐकलंय. त्याच्या आधी कुणीतरी खणलंच असणार की."

"आणि नातवाची विहीर झाली का?"

तिने किनाऱ्याच्या दिशेने हात केला. भरती लागली होती. सुरूच्या झाडांपलीकडे पाणी वर आलं होतं, आणि खड्ड्याच्या जागी वाळूचा एक बुटका ढीग तेवढा उरला होता. पोरगा त्याच्या शेजारी, थोडा वर सरकून, नवीन खड्डा खणत होता.